दुमजली पलंग

दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहू लागली म्हणजे जमिनीचा प्रत्येक चौरस फूट मोलाचा होतो. दिवसा जेथे जेवणाची ताटे मांडली जातात, तेथेच रात्री अंथरुणे पडतात. आणि पहाटे पाणी भरण्यास उठणाऱ्या माणसाला निजलेल्यांच्या पायांमधून वाट काढीत मोरी गाठावी लागते. डोंबिवलीच्या आमच्या घरात असेच होते. माझी नात तेव्हा बारा वर्षांची होती आणि नातू आठ वर्षांचा. दोघांची अंथरुणे, दोघांची दप्तरे आणि दोघांची भांडणे दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीत कशीबशी मावत. २०२३ सालच्या उन्हाळी सुट्टीत दोघांनी एकमताने मागणी केली, "आजोबा, आम्हांला डबल डेकर पलंग हवा."

दोघांचे एकमत ही आमच्या घरात दुर्मिळ गोष्ट असल्याने तिचा विचार करणे भाग पडले.

डबल डेकर म्हणजे दुमजली. मुंबईच्या रस्त्यांवर १९३७ सालापासून दुमजली बसगाड्या धावू लागल्या आणि हा शब्द आपल्याकडे घरोघर पोहोचला. एकावर एक निजण्याची युक्ती मात्र बसगाडीहून जुनी आहे. आगबोटीवरील खलाशी, बराकीतील सैनिक, वसतिगृहातील विद्यार्थी, आगगाडीच्या डब्यातील प्रवासी, या सर्वांना ती ठाऊक आहे. जेथे माणसे अधिक आणि जागा थोडी, तेथे अंथरुणे आडवी पसरण्याऐवजी उभी रचावी, एवढेच तिचे मर्म.

पलंग हवा, हे ठरले. परंतु तो विकत आणावा की घरी करावा, यावर घरात दोन पक्ष पडले. मुलांचे वडील म्हणाले, "दुकानात जावे, पसंत करावा, दोन दिवसांत घरी येतो." मी सेवानिवृत्त, हाती वेळ भरपूर, आणि शाळेत असताना हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांबरोबर रंधा मारलेला. तेव्हा पलंग घरीच करावा, असे माझे मत पडले. ते मी त्या वेळी फार ठामपणे मांडले. आज तितक्या ठामपणे मांडणार नाही. का, ते पुढे येईलच.

माझ्या लहानपणी खेडेगावात हा प्रश्न उद्भवलाच नसता. घरात पाट, पाळणा किंवा पलंग हवा असला म्हणजे घरधनी लाकूड आणून ठेवी आणि बलुतेदारांपैकी सुतार आपली हत्यारे घेऊन अंगणात येऊन बसे. निजणारा माणूस किती उंच, दार किती रुंद, हे तो डोळ्यांनी पाहून घेई. वस्तू दुसऱ्याने केलेली असे, तरी ती आपल्याच मापाची असे. शहरात ही मधली वाट अरुंद झाली आणि एका टोकाला दुकान व दुसऱ्या टोकाला आपले स्वतःचे हात, एवढेच उरले.

प्रथम आम्ही दुकाने पाहिली. तेथे तीन प्रकारचे पलंग होते. पहिला लोखंडी नळ्यांचा. तो स्वस्त, वजनाला बेताचा, आणि ढेकणांना कमी आश्रय देणारा. दुसरा दाबून केलेल्या फळ्यांचा. लाकडाचा भुगा व बारीक तुकडे यांत रासायनिक चिकट द्रव्य मिसळून ते यंत्राखाली दाबतात आणि वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवितात. अशी फळी दिसण्यास गुळगुळीत असते. पण पाणी लागले की फुगते, आणि तिच्यातील स्क्रू दोनतीनदा काढून पुन्हा बसविला की त्याची पकड सैल होते. तिसरा भरीव लाकडाचा. तो अर्थातच सर्वांत महाग. लोखंडी पलंगाची किंमत १४,००० रुपये, फळ्यांच्या पलंगाची २४,००० आणि लाकडी पलंगाची ३८,००० सांगण्यात आली.

विकत घेतलेल्या वस्तूची थोरवी मान्य केली पाहिजे. कारखान्यात एकच पलंग हजार वेळा तयार होतो. पहिल्या दहांत ज्या चुका झाल्या असतील, त्या पुढच्यांत सुधारता येतात. भोके यंत्राने पाडलेली असतात, म्हणून ती अचूक जुळतात. घरी पलंग करणाऱ्याचा पहिला पलंग हाच त्याचा शेवटचा. चूक सुधारण्यास दुसरा पलंग त्याच्यापाशी नसतो. शिवाय दुकान आणि घर यांच्यामध्ये आणखी एक सोय निघाली आहे. स्वीडनमधील इकिया या कंपनीने १९५६ साली पाय सुटे करून सपाट खोक्यात भरता येईल असे टेबल विकण्यास आरंभ केला. कारखाना भाग करून देतो आणि ते जोडण्याचे काम गिऱ्हाईक घरी करते. जगभर ही पद्धत पसरली. २०१८ साली हैदराबादेत आणि २०२० साली नवी मुंबईत त्या कंपनीची दुकाने निघाली. सोबत मिळणाऱ्या लहानशा षट्कोनी किल्लीने बोल्ट आवळताना आपणच पलंग केला, असा आनंद होतो खरा. परंतु मापे दुसऱ्यानेच घेतलेली असतात.

मापांचा प्रश्न किती मोठा आहे, हे आम्हांला एका रविवारी कळले. नातीने चौकटीच्या वहीत खोलीचा नकाशा काढला. एक चौकट म्हणजे तीन इंच. खोलीची रुंदी १० फूट; छताचा पंखा बरोबर मध्यावर, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर. पंख्याच्या पात्याचे टोक मध्यापासून २ फूट. म्हणजेच भिंतीपासून ३ फुटांपर्यंत पाते पोहोचणार. आणि पलंगाची रुंदी? ३ फूट ३ इंच. नातीने पेन्सिल थांबविली आणि म्हणाली, "आजोबा, पलंग पंख्याखाली जातो."

वरच्या गादीवर बसून मुलाने सहज आळस दिला असता, तर हात फिरत्या पात्यात गेला असता. दुकानातील कोणत्याही पलंगाची रुंदी याहून फारशी वेगळी नव्हती. तोही पंख्याखालीच गेला असता. फक्त ते आम्हांला पलंग खोलीत उभा राहिल्यावर कळले असते. आम्ही छताचा पंखा उतरविला आणि पायथ्याच्या बाजूच्या भिंतीवर, हात पोहोचणार नाही अशा जागी, जाळीचा पंखा बसविला. पलंगाचा एक खिळाही अजून आलेला नव्हता. परंतु सर्वांत महत्त्वाचे काम त्या दिवशी झाले, असे मला आजही वाटते.

यानंतर लाकूड. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील साग प्रसिद्ध आहे. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही व पाणी लवकर बाधत नाही. परंतु सागाच्या लाकडाचा भाव ऐकून मी वखारीतून तसाच परत फिरलो. शेवटी पाइनचे लाकूड घेतले. पाइन म्हणजे हिमालयात वाढणाऱ्या चीड वृक्षाचा भाऊबंद. परदेशांतून येणारी यंत्रे ज्या पेट्यांत भरून येतात, त्या बहुधा याच लाकडाच्या असतात, आणि त्या फोडून निघालेल्या फळ्या वखारीत मिळतात. लाकूड मऊ, हलके व फिकट; गाठी पुष्कळ. त्यांतून निवडून घ्यावे लागते. खांबांना गाठ असलेली फळी चालत नाही, कारण लाकूड मोडते ते बहुधा गाठीपाशी.

वखारीत लाकूड घनफुटांवर विकले जाते. तुम्ही शाळेत घनफळ शिकता, ते येथे उपयोगी पडते. आमचे चार खांब प्रत्येकी ३ इंच रुंद, ३ इंच जाड आणि ६० इंच उंच होते. एका खांबाचे घनफळ ५४० घनइंच, चारांचे २,१६०. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात. भागाकार करून पाहा, उत्तर बरोबर सव्वा घनफूट येते. अशा रीतीने सर्व भागांची बेरीज सव्वासहा घनफूट झाली. कापताना व रंधताना जे वाया जाते त्यासाठी एकपंचमांश अधिक धरून आम्ही साडेसात घनफूट लाकूड आणले.

लाकूड वाळलेले आहे की नाही, हे पाहणेही तितकेच अगत्याचे असते. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते, हा अनुभव तुम्हां सर्वांना असेल. लाकूड हवेतील ओलावा शोषून रुंदीत फुगते; लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही. म्हणून गादीखालच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून बसवावयाच्या नसतात. त्यांत दोन बोटे अंतर ठेवले, म्हणजे लाकडाला फुगण्यास जागा राहते आणि गादीलाही खालून वारा लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी सुतारकाम करतो. त्याला दोन दिवस रोजाने बोलाविले. शाळेत असताना भूमितीच्या तासाला तो खिडकीबाहेर पाहत असे. आता त्याच्या हातातील गुण्या पाहून मीच थक्क झालो. तो म्हणाला, "सर, पलंग लाकडात मोडत नाही, सांध्यात मोडतो." आणि मग त्याने सांधा म्हणजे काय ते मुलांना दाखविले. लांबीची फळी खांबाला नुसत्या स्क्रूने लावली, तर निजणाऱ्याचे सगळे वजन त्या बारीकशा स्क्रूवर येते. त्याऐवजी खांबात खाच पाडून फळीचे टोक तीत बसविले, म्हणजे वजन लाकडावर टेकते. बोल्टने फक्त दोघांना एकत्र धरून ठेवावयाचे. जुने सुतार फळीच्या टोकाला जीभ काढीत, तिला कुसू म्हणत, आणि ते कुसू खाचेत असे घट्ट बसवीत की खिळ्याची गरजच उरत नसे. आम्ही मात्र बोल्टच वापरले. कारण कुसू बसवून फेव्हिकॉलने चिकटविलेला पलंग खोलीच्या दारातून बाहेर काढावयाचा झाला, तर करवतीनेच काढावा लागला असता!

दोन प्रयोग त्याने मुलांकडून करून घेतले. तुम्हीही ते करून पाहा. लाकडी फुटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये बोटाने दाबा. ती वाकेल. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. ती हालणारही नाही. फळीची उभी उंची दुप्पट केली, तर तिची भार सोसण्याची शक्ती चौपट होते. म्हणूनच पलंगाच्या लांब फळ्या नेहमी कडेवर उभ्या बसवितात. दुसरा प्रयोग असा : पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एक कोपरा ढकला. चौकोन कलंडून तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण केला, तर तो कितीही ढकला, आकार बदलत नाही. उंच पलंग डुलतो तो याच कारणाने. त्याची बाजू हा चौकोन असतो. त्यात एक तिरपी पट्टी ठोकली, की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि डुलणे थांबते. ज्या पलंगाला अशी तिरपी पट्टी किंवा पाठीमागे सबंध फळी नाही, तो दुकानात हाताने हलवून पाहावा.

काटकोन साधला की नाही, हे तपासण्यास आम्ही दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरले तेव्हा माझा विद्यार्थी माझ्याकडे पाहून हसला.

अकरा दिवस काम चालले. लाकडाचे ७,५०० रुपये. बोल्ट, फेव्हिकॉल, पॉलिश पेपर व पॉलिश यांचे २,३००. सुताराचा रोज २,४००. आणि नव्या हत्यारांचे ३,१००. एकूण १५,३००. लोखंडी पलंगापेक्षा १,३०० रुपये अधिकच! मुलांच्या वडिलांनी हिशोबाची वही पाहिली आणि काही न बोलता ती मिटली. माझ्या अकरा दिवसांची आणि घरभर पसरलेल्या भुशाची किंमत तर वहीत लिहिलेलीच नव्हती. घरी केलेली वस्तू स्वस्त पडते, असे जे सांगतात, त्यांनी हत्यारे कोणाची वापरली, हे विचारून घ्यावे.

आता कठड्याविषयी. दुमजली पलंगात खरी भीती वरच्या मजल्याची. अमेरिकेत २००० सालापासून याविषयी कायदेशीर नियम आहेत. वरचा कठडा गादीच्या पृष्ठभागापासून निदान ५ इंच उंच असावा. कठड्यातील फटी साडेतीन इंचांहून मोठ्या नसाव्यात; कारण लहान मुलाचे पाय व धड मोठ्या फटीतून घसरून डोके अडकण्याचा धोका असतो. भिंतीच्या बाजूलाही कठडा अखंड असावा. सहा वर्षांखालील मुलाला वर निजवू नये. हे सर्व मी काम सुरू करण्यापूर्वी वाचले होते आणि त्याप्रमाणेच केले होते. गादीखालच्या पट्ट्यांपासून कठड्याच्या माथ्यापर्यंत ९ इंच, त्यात ४ इंचांची गादी. राहिले ५ इंच. नियमाला धरून, अगदी काटेकोर.

जूनपासून नात वर निजू लागली. डिसेंबरात थंडी पडली. वर गार लागते, म्हणून आजीने मायेने एक कापसाची गादी पहिल्या गादीवर घातली. ती साडेतीन इंच जाड होती. कठडा दिसत तर होताच. त्याचे आता दीड इंचच उरले आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. चौथ्या रात्री मोठा आवाज झाला. नात झोपेत कुशीवर वळली आणि कठड्यावरून खाली आली. तिचे मनगट मोडले. महिनाभर हात प्लास्टरमध्ये होता.

त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर बसलो असता माझ्या मनात काय काय आले, ते येथे सांगत नाही. पलंग विकत आणलेला असता, तर दुकानदाराला दोष देता आला असता. येथे कारागीरही मीच होतो आणि कारखानाही मीच. मी ९ इंच मोजले, पण गादी बदलू शकते, हे मोजले नाही. युरोपातील नियमांप्रमाणे कारखानदाराला पलंगावरच एक कायमची खूण करावी लागते. गादी त्या रेषेच्या वर येता कामा नये. किती साधी गोष्ट! ती माझ्या वाचनात आली होती, आणि घरातील माणसांना खुणेची काय गरज, असे म्हणून मी ती सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. त्याने चारही खांबांना आतून जोडखांब बोल्टने आवळले आणि सर्व बाजूंनी आणखी एक फळी लावून कठडा सहा इंच उंच केला. दुपारपर्यंत काम झाले. स्वतः केलेल्या पलंगाची हीच एक सोय मला त्या दिवशी जाणवली : कोणता बोल्ट कोठे आहे आणि कोणत्या खांबात किती जीव आहे, हे आम्हांला ठाऊक होते. प्लास्टर निघाल्यावर नातीने आपल्या हाताने कठड्याच्या आतल्या अंगाला करवतीने एक बारीक रेषा कोरली आणि तीत लाल रंग भरला. गादी या रेषेपर्यंतच.

गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना दोन मुलगे. घर भाड्याचे, नोकरी लांबची, सुट्टी रविवारची. पलंग घरी करावा का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना तो विकत घेण्यास सांगितले. मात्र त्यांच्या वहीत चार मापे लिहून दिली : पंख्याचे पाते भिंतीपासून किती, गादीची जाडी किती, फटी किती, आणि दाराची रुंदी किती. ते मोजपट्टी घेऊन दुकानात गेले. लोखंडी पलंगाचा कठडा गादीपासून तीनच इंच भरला. दुकानदाराने आधी कुरकुर केली. मग कठड्यावर आणखी एक नळी वेल्डिंगने जोडून देण्याचे त्याने कबूल केले. गृहस्थांनी घरी आणल्यावर एका नळीभोवती लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि तिचा अर्थ दोन्ही मुलांना सांगितला. पहिल्या रात्री थोरला मुलगा शिडीने वर चढला, तेव्हा निजण्यापूर्वी त्याने हाताने चाचपून पाहिले, की गादी त्या पट्टीच्या खालीच आहे.